तिसरा स्लॉट

आमच्या सरांना भरलेली वस्तू बघवत नसे. चहाचा कप पाऊण भरला की ते त्यावर हात आडवा धरत. त्यांचा डबा चार कप्प्यांचा होता, पण सगळ्यात खालचा कप्पा रोज घरून रिकामा यायचा आणि रिकामाच परत जायचा. स्कूटरच्या मागच्या सीटवर पिशवीसुद्धा ठेवायची नाही, पिशवी हँडलला. कोणत्याही वहीचं शेवटचं पान कोरं राहिलं पाहिजे. कँटीनमध्ये चौघांच्या टेबलावर चौथा माणूस येऊन बसला की सर आपलं ताट उचलून उभ्याने जेवायचे, पण एक खुर्ची मोकळी करायचे. हे सगळं ते गाजावाजा न करता करत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "जागा ठेवावी. सांगून कोण येतं?"

अशा माणसाच्या मागे काहीतरी मोठं दुःख असणार, असं मला सुरुवातीला वाटायचं. कोणी तरी दारातून परत गेलं असेल, कोणाला तरी जागा नाही म्हणावं लागलं असेल. एकदा धीर करून विचारलं. "काही नाही गं बाई," ते म्हणाले, "सवय आहे. तुला नखं कुरतडायची आहे तशी." त्यानंतर मी कारण शोधायचं सोडून दिलं. नखं कुरतडायचंही सोडलं, पण ते चारच दिवस.

हिमायतनगरच्या एका खासगी रुग्णालयात सर कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे तळमजल्यावरची, एक्स-रेच्या मागची, पूर्वी चादरी-उशा ठेवायची खोली, आणि माणसं म्हणजे ते एकटे. नंतर मी आले. खोलीतला एसी कधी बंद करायचा नसे, म्हणून सर हैदराबादच्या मे महिन्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचे आणि बाहेर पडताना तो दाराच्या खुंटीला अडकवायचे. खुंट्या दोन होत्या. दुसरीवर काही लावायचं नसतं, हे मला पहिल्या दिवशी तिथे ओढणी लावल्यावर कळलं. फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नसत. "काय बंद पडलं?" एवढंच. एकदा बरकतपुऱ्याहून त्यांच्या घरचा फोन आला, तर काकूंनाही त्यांनी तेच विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, मिक्सर.

त्या खोलीतल्या प्रत्येक वायरीला सरांनी एकेक चिठ्ठी चिकटवली होती, शाईने लिहिलेली, आणि मराठीत. 'हा काढू नका.' 'हा काढला तर औषधांचं दुकान बसेल.' 'हा कुठे जातो माहीत नाही, तरी काढू नका.' 'हा खुशाल काढा, काही होत नाही.' रुग्णालयात तेलुगू बोलणारे, उर्दू बोलणारे, मल्याळी नर्सा, सगळे होते. मराठी वाचणारं कोणी नव्हतं. ॲडमिनच्या मॅडमनी चिठ्ठ्या इंग्रजीत करा म्हणून किती तरी वेळा सांगितलं होतं. सर "हौ, करतो" म्हणायचे आणि नवीन वायर आली की पुन्हा मराठीत चिठ्ठी लावायचे. लोक म्हणायचे, म्हातारा हुशार आहे, नोकरी पक्की करून ठेवली. सरांचं म्हणणं असं की आयत्या वेळी डोकं ज्या भाषेत चालतं त्या भाषेत लिहावं, आग लागल्यावर भाषांतर कोण करत बसणार?

माझी मुलाखत म्हणजे या चिठ्ठ्याच. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, दुसरी भाषा तेलुगू. घरात आम्ही परभणीकडची मराठी बोलायचो, पण वाचता येण्याशी तिचा संबंध नव्हता. वाचायला मी शिकले ते आमच्या वस्तीतल्या विहारात, रविवारी वंदनेच्या पुस्तिकेवरून, वडिलांच्या बोटामागे बोट सरकवत. सरांनी माझा अर्ज बाजूला ठेवला, मला मशीनच्या मागे नेलं आणि म्हणाले, "वाच." मी अडखळत वाचत गेले. 'कुठे जातो माहीत नाही'पाशी मला हसू आलं. "झालं," ते म्हणाले. "हसलीस म्हणजे कळलं. सोमवारपासून ये."

घरी आल्यावर वडिलांनी पहिलं विचारलं, आडनाव वाचून काय म्हणाले? म्हणजे कुठले तुम्ही, गाव कोणतं, तिथे कोणत्या भागात घर? मी म्हटलं, काहीच नाही विचारलं, वाच म्हणाले. वडील माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग आईला म्हणाले, चहा टाक.

सरांचं कौतुक इथपर्यंतच. रोज त्यांच्याबरोबर काम करायचं म्हणजे माणूस मेटाकुटीला यायचा. मी बांधलेली वायर ते सोडून पुन्हा बांधायला लावायचे. कोणतंही नवीन कार्ड मागवायचं असेल तर आधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याचं सोंग करायचं, अगदी मापात, आणि मशीन उघडून ते बसवून बघायचं. मशीनमध्ये लांबट खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. त्यात कार्ड बसवलं की मशीनला नवीन काम करता येतं. सर म्हणायचे, कागदावर सगळीच कार्डं बसतात. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

पुठ्ठ्याने एकदा आमची लाजही राखली होती. औषध दुकानाच्या मशीनसाठी नेटवर्कचं कार्ड मागवलं होतं. ते मशीन चपटं, त्यात बुटकंच कार्ड जातं. कार्ड विकणाऱ्या दुकानदाराने कार्ड बुटकं आणलं, पण त्याला लावलेली पत्र्याची पट्टी उंच. सरांनी पुठ्ठा शेजारी धरला आणि वाक्य फेकलं, "मियाँ, छोटी पट्टी बोला था ना मैं? ये लंबी कायकू उठा के लाए?"

"साब, कार्ड तो वहीच है. पट्टीच जरा लंबी है."

"पट्टीच नै बैठती तो कार्ड का क्या अचार डालूँ?"

छोटी पट्टी यायला आठ दिवस लागणार होते. सरांनी कार्ड रुमालात बांधलं, मला स्कूटरवर घ्यायचा प्रश्नच नव्हता, मला मागून रिक्षाने यायला सांगितलं आणि आम्ही बेगम बाजारात गेलो. तिथे चाळण्या आणि नरसाळी करणारा एक पत्रेवाला त्यांच्या ओळखीचा होता. त्याने तेलाचा रिकामा डबा ओढला, पुठ्ठ्यावरून खूण केली, कात्रीने पट्टी कापली, दोन भोकं पाडली. पंधरा मिनिटांत काम झालं. ते मशीन अजून चालू आहे आणि त्याच्या पाठीमागे शेंगदाण्याचं अर्धं चित्र अजून दिसतं.

आणखी एक नियम पुस्तकांचा. प्रत्येक मशीनचं पुस्तक सर कंपनीकडून मागवून किंवा स्वतः छापून बांधून घ्यायचे, चारशे-पाचशे पानांचं. ते वाचायचं म्हणजे पेन्सिल हातात घेऊनच. जे महत्त्वाचं वाटेल त्याखाली रेघ. रेघ नसलेलं पान दिसलं की विचारायचे, "हे वाचलं नाहीस?" मी म्हणायचे, वाचलं, पण काही महत्त्वाचं नव्हतं. "मग तसं तिथे लिही," ते म्हणायचे.

आता त्या मोठ्या मशीनकडे येते, कारण सगळं तिथेच घडलं.

रुग्णालयातल्या सगळ्या पेशंटांचे एक्स-रे आणि स्कॅन एका सर्व्हरवर साठवलेले असत. त्या सर्व्हरला तीन स्लॉट. पहिल्यात डिस्क चालवणारं कार्ड, त्याला हात लावायची सोय नाही. दुसऱ्यात टेप चालवणारं कार्ड. त्या टेपवर दर शनिवारी सगळ्याची प्रत उतरायची आणि सर ती टेप डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचे. रुग्णालय जळालं तरी बरकतपुऱ्याला प्रत राहील, हा हिशोब. घरी ती काकूंच्या कपाटात, साड्यांच्या घडीत. काकू म्हणायच्या, "माझ्या पैठणीत ह्यांचं अख्खं हॉस्पिटल आहे."

तिसरा स्लॉट रिकामा. त्याच्यावर चिठ्ठी होती, 'ही जागा ठेवलेली आहे.'

कोणासाठी, ते कोणालाच माहीत नव्हतं. मशीन घेतलं तेव्हापासून, म्हणजे माझ्याही आधीची सहा-सात वर्षं, ती जागा तशीच होती. हाडांच्या डॉक्टरांनी विनवण्या केल्या की फोटो उघडायला फार वेळ लागतो, एक वेगवान कार्ड टाका. सर म्हणायचे, "ही काय वेळ आहे? खरी वेळ आली की टाकू." हे ऐकून डॉक्टर हात जोडायचे आणि जायचे. मला वाटायचं, आपण म्हातारे होऊ पण ह्यांची खरी वेळ येणार नाही.

ती आली. रुग्णालयाने नवीन स्कॅन मशीन घेतलं. त्याची एकेक तपासणी म्हणजे शेकडो चित्रं, आणि ती ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांच्या पडद्यावर लगेच दिसायला हवीत. आमच्या जुन्या वायरीने ती मुंगीच्या पावलांनी जात. मीटिंग झाली. एका बाहेरच्या कंपनीने सांगितलं होतं, सगळं आमच्याकडे द्या, तुमची ती खोली आणि माणसं बंद करा. ॲडमिनच्या मॅडमना ते पटत आलं होतं. मी तेव्हा कंत्राटावर होते. वडील रिटायर झालेले, भाऊ शिकत होता. मला कायम करण्याचा कागद त्याच मॅडमच्या टेबलावर होता. सरांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

सर मीटिंगमध्ये उभे राहिले. "नवीन सर्व्हर नको, बाहेरची कंपनी नको," ते म्हणाले. "फक्त एक वेगवान नेटवर्क कार्ड लागेल."

मॅडमनी थेट तेलुगूत विचारलं, "स्लॉट उंदा, लेदा?" आहे की नाही?

"आहे," सर म्हणाले. "दहा वर्षं ठेवला आहे."

त्या दिवशी ते ज्या तोऱ्यात खोलीत आले तो तोरा मी पुन्हा पाहिला नाही. स्वेटर घालायचाही विसरले.

कोणतं कार्ड चालेल हे शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. काम सोपं नव्हतं. कार्ड बुटकं हवं, पट्टी बुटकी हवी, स्लॉटची लांबी जुळली पाहिजे, आपल्या मशीनच्या कंपनीने ते कार्ड मान्य केलेलं हवं, नाही तर मशीन त्याला परकं समजून पंखे जोरजोरात फिरवत बसतं. मी चार कार्डांची यादी केली. सरांनी परत केली, "लांबी मिलिमीटरमध्ये लिही." लिहिली. परत आली, "उष्णता किती सोडतं ते लिही." तेही लिहिलं. तिसऱ्यांदा परत आली, "उंची?" दरम्यान त्यांनी पुठ्ठ्याचं कार्ड कापून तिसऱ्या स्लॉटमध्ये बसवूनही बघितलं होतं. मापात बसलं. त्यांनी ते तिथेच राहू दिलं.

उंची शोधायला मी पुस्तक पुन्हा उघडलं, आणि एका तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ दिसली. दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर तिसरा स्लॉट चालणार नाही.

आमच्या मशीनमध्ये प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, एकच होता. दुसऱ्याची जागा पहिल्यापासून रिकामी. ती कोणी ठेवली असेल हे सांगायला नको.

मी त्या ओळीखाली रेघ ओढली. पुस्तक घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले. ते काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "उंची अजून लिहिली नाहीस."

मी परत आले आणि उंची लिहिली.

हे मी पुष्कळदा स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे समजावून बघितलं आहे. दहा वर्षं ज्यांनी हे मशीन सांभाळलं त्यांना हे माहीत नसेल का? आपण कालची पोर, त्यांना शिकवणार? कायम होण्याचा कागद अडकला आहे, आता त्यांचं चुकलं म्हणणं बरं दिसेल का? ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. खरं सांगायचं तर मी त्या माणसाला कंटाळले होते. तीनदा परत आलेली यादी, दहादा सोडलेली वायर, ती खुंटी. मला एकदा त्यांचं चुकलेलं बघायचं होतं. एवढं मोठं चुकेल, आणि त्याचं पुढे काय होईल, हा विचार मी केला नाही.

कार्ड आलं. रविवारी सकाळी ओपीडी बंद असते, म्हणून तो दिवस ठरला. मी विहार चुकवून आले. सरांनी पुठ्ठ्याचं कार्ड काढून खिशात ठेवलं, चिठ्ठी अलगद सोडवली आणि खरं कार्ड तिसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. मशीन चालू केलं. मशीनला कार्ड दिसलं नाही. त्यांनी काढून पुसून पुन्हा बसवलं. नाही. तिसऱ्यांदा मला बसवायला सांगितलं, माझी बोटं बारीक आहेत म्हणून. मी बसवलं. मला माहीत होतं की दिसणार नाही, तरी मी चांगलं दाबून बसवलं.

पुठ्ठा मेलेल्या स्लॉटमध्येही मापात बसतो, हे पुठ्ठा कापताना कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग सरांनी पुस्तक मागितलं. ते स्टुलावर बसले आणि पहिल्यापासून एकेक पान उलटत गेले. माझ्या रेघा सगळीकडे होत्या, हलक्या, नेमून दिलेलं काम केल्यासारख्या. एका पानावर ते थांबले. मला लांबूनही कळलं ते कोणतं पान आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मग पुढची पानं उलटत शेवटपर्यंत गेले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "टेपचं कार्ड काढ."

"सर, मग प्रत?"

"उद्या ऑपरेशन आहे. काढ."

मी टेपचं कार्ड काढलं आणि त्याच्या जागी नवीन कार्ड बसवलं. तिथे ते लगेच चाललं. सोमवारी चित्रं पडद्यावर झटकन आली, डॉक्टरांनी फोन करून शाबासकी दिली. फोन उचलताना सर "काय बंद पडलं?" म्हणाले, मग थोडा वेळ ऐकून "बरं, बरं" म्हणाले. तोपर्यंत त्यांनी मॅडमना पत्र पाठवलंही होतं. आपण सांगितलेला स्लॉट चालत नाही, टेप बंद केली आहे, सध्या कशाचीच प्रत निघत नाही, तातडीने सोय करावी. कोणी विचारलं नव्हतं. चित्रं दिसत होती, सगळे खूश होते, ते गप्प बसले असते तर महिनाभर कोणाला पत्ता लागला नसता.

बुधवारी आम्हाला दोघांना बोलावलं. त्या मशीनचा प्रोसेसर आता मूळ कंपनी बनवत नाही, जुना मिळाला तरी त्याची हमी कोणी घेत नाही, हे मॅडमनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "पुस्तकात हे लिहिलं आहे ना? मग तपासलं कोणी होतं?"

मी समोरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"मी," सर म्हणाले. "मीच तपासलं. वाचायचं राहिलं."

मॅडमनी मान हलवली. त्यांना ते अपेक्षितच असावं. महिन्याभरात बाहेरच्या कंपनीशी करार झाला आणि सरांना उरलेल्या वर्षाची रजा घेऊन घरी बसायला सांगितलं. सांगताना सगळे फार गोड बोलले. मला काढणारच होते, पण कंपनीची माणसं वायरी सोडवायला आली आणि चिठ्ठ्या बघून त्यांचे हात थांबले. फोन लावून भाषांतर करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण शाईतलं सरांचं अक्षर फोनला लागेना. सरांना बोलावलं. सर म्हणाले, "मला आता दिसत नाही नीट. हिला वाचता येतं. हिला ठेवा." त्यांना चांगलं दिसत होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वेटर खुंटीवरून काढून घडी करून पिशवीत ठेवला, सगळी पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि गेले. मला कायम झाल्याचा कागद त्याच आठवड्यात मिळाला. वडिलांनी पेढे वाटले. मी माझ्या वाटणीचा पेढा भावाच्या हातावर ठेवला.

काही महिने तसेच गेले. कंपनीची माणसं पडद्यावरच काम करत, मशीन उघडत नसत. मला दुसऱ्या मजल्यावर टेबल मिळालं. जुनी पुस्तकं रद्दीत काढा म्हणून निरोप आला. मी ती बांधायला घेतली तेव्हा त्या सर्व्हरचं पुस्तक हातात आलं. ते पान मी उघडलं. बाकीच्या रेघा हलक्या होत्या, ही एकच दोनदा ओढलेली होती, कागदावर वळ उठेपर्यंत. पुस्तक मिटताना शेवटचं पान उलटलं. सरांच्या पुस्तकाचं शेवटचं पान कोरं असायचं, म्हणून तिथे कोणी बघत नसे. यावर लिहिलेलं होतं, दहा वर्षांपूर्वीच्या टपोऱ्या अक्षरात, पेन्सिलीने. 'तिसरा स्लॉट दुसरा प्रोसेसर घेतल्यावरच चालेल. पुढच्या वर्षी मागणे.'

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. स्वतः लिहून स्वतः विसरले. मग माझी एकटीची चूक कशी? मी ते पुस्तक रद्दीतून बाजूला काढलं आणि संध्याकाळी तशीच बरकतपुऱ्याला गेले. त्यांना दाखवायला नव्हे, खरं म्हणजे स्वतःला सोडवून घ्यायला.

सर बाहेरच्या खोलीत बसले होते. चार खुर्च्या, एक भिंतीकडे तोंड करून, तिच्यावर कोणी बसायचं नाही. एसी नव्हता, तरी स्वेटर होता. सहा महिन्यांत माणूस इतका बारीक होतो हे मला माहीत नव्हतं. काकूंनी पाऊण पाऊण कप चहा आणला. मी शेवटचं पान उघडून पुढे केलं.

त्यांनी पुस्तक लांब धरून वाचलं. "अक्षर चांगलं होतं तेव्हा माझं," ते म्हणाले. "त्या रविवारीच बघितलं मी हे. असं आहे बाई, लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं, मग माणूस विसरतो." मग त्यांनी पानं मागे उलटली, माझ्या रेघेपाशी बोट ठेवलं आणि हसले. "तू रेघ ओढलीस, मी टीप लिहिली. सांगायचं दोघांचंही राहिलं. जाऊ दे, परेशान नक्को होऊस."

इतकं सोपं होतं. मी ज्यासाठी आले होते ते त्यांनी न मागता दिलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"माझं राहिलं नव्हतं, सर," मी म्हणाले. "मी सांगितलं नाही. तुमच्या टेबलापर्यंत आले आणि परत गेले. तुम्ही एकदा चुकावं असं मला वाटत होतं."

काकू दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता म्हणतील की ऊठ.

"हौ," ते शेवटी म्हणाले. "रेघ दोनदा होती." मग पुस्तक मिटून म्हणाले, "मी तरी मान कुठे वर केली होती?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग नेहमीच्या कामाच्या आवाजात विचारलं, "आता प्रत कोण काढतं?"

"कंपनी काढते."

"जुन्या पेशंटांची? दहा वर्षांची?"

"काढत असतील."

"असतील म्हणजे? कुठे ठेवतात?"

मला माहीत नव्हतं.

"विचार," ते म्हणाले. "उद्या विचार. आणि जे उत्तर येईल ते जाऊन सांग. कोणी यादी परत केली, हात झटकला, काय वाटेल ते केलं, तरी सांगून ये."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या माणसांना विचारलं. एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने फोन केला. दुपारी उत्तर आलं. नवीन चित्रांची प्रत निघत होती. जुन्या दहा वर्षांची कुठेच नव्हती. करारात ते लिहायचं राहून गेलं होतं. त्या दहा वर्षांची म्हणून होती ती शेवटच्या शनिवारची एक टेप, बरकतपुऱ्याच्या कपाटात, पैठणीच्या घडीत.

मी ते एका कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि ॲडमिनच्या खोलीत गेले. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. वर न बघता त्यांनी हातानेच खूण केली, नंतर.

मी टेबलासमोर उभीच राहिले.